लाथेनंतरचं पोट

ज्यांच्या पोटावर छातीखालून निघून बेंबीला वळसा घालत खाली गेलेली लांब शिवण आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांच्या पोटावर पिशवी लावली आहे आणि जे पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसतात, त्यांच्यासाठीही. औषधांचं तुम्हाला डॉक्टर सांगतील. बाकीचं मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगते.

माझं नाव अश्विनी. मी खामगावात मुलींना नाच शिकवते. अकोल्याला जाऊन काही वर्षं कथक शिकले, बाकीचं बघून आणि करून शिकले. शाळांची गॅदरिंग बसवते, स्पर्धांना मुली नेते, आणि अलीकडे लग्नांमध्ये घरच्या पोरीबाळींचे नाच बसवायचं कामही करते. ज्या लग्नात लाथ बसली, त्यातही तेच करायला गेले होते.

हळदीची दुपार

नवरीची धाकटी बहीण सायली माझ्या क्लासची मुलगी. कॉलेजला होती. अंगात ताल होता, पण स्वभावानं इतकी भित्री की स्टेजवर जाण्याआधी तिचे हात गार पडायचे. मंगल कार्यालयाच्या अंगणात मांडव होता, डीजे होता, सगळ्या बाया पिवळ्या कपड्यांत. नवरदेवाची उष्टी हळद घेऊन तिकडची पोरं आली ती पिऊनच आली. त्यांच्यात नवरदेवाचा एक चुलतभाऊ होता. त्याचं नाव मी लिहिणार नाही. कोर्टाच्या कागदांत आहे, तेवढं पुरे.

त्यानं सायलीला नाचायला ओढलं. आधी हाताला धरून, मग कमरेला. ती हसत हसत सुटायला बघत होती, कारण नव्या सोयऱ्यांसमोर रडायचं कसं. मग ती हसायची थांबली. मी मध्ये गेले.

"दादा, सोडा तिले. ती नाही म्हनते."

"तू कोन? नाचनारी बाई मले शिकवते का?"

मी सायलीचा हात त्याच्या हातातून सोडवला. त्यानं माझ्या कानाखाली मारली. मी मांडवातल्या सतरंजीवर पडले, कोपरावर उठायला गेले, आणि त्यानं लाथ घातली. लग्नासाठी घेतलेला टोकदार बूट होता. बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली. दुसरी लाथ कमरेवर बसली, ती मला जाणवलीही नाही. पहिलीनं माझा श्वास नेला होता. तोंड उघडं होतं आणि आत काहीच जात नव्हतं.

डीजे थांबला नाही. लोकांनी त्याला मागे ओढलं तेव्हा तो हसत होता, आणि मागची पोरं अजून नाचत होती.

नवरीच्या मामांनी मला उचलून गाडीत टाकलं. गाडीत ते मागे वळून एवढंच म्हणाले, "मॅडम, उद्या पोरीचं लगन हाय. थोडं समजून घ्या." जवळच्या डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, "स्टेजवरून पडल्या." मला बोलता येत नव्हतं. दुखणं थांबायचं इंजेक्शन मिळालं, गुंगी आली, आणि त्यांनी मला घरी आणून सोडलं. माझ्या नवऱ्यालाही त्यांनी 'पडल्या' असंच सांगितलं.

अकोला

सकाळी माझं पोट पाटासारखं कडक झालं होतं. पाणी प्यायलं की उलटून पडायचं. विनोदनी, माझ्या नवऱ्यानं, दुकान उघडलंच नाही. त्यांचं पाण्याच्या जळालेल्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान आहे. मित्राची गाडी मागून आणली आणि मला मागच्या सीटवर आडवं घातलं. खामगाव ते अकोला रस्त्यावर किती गतिरोधक आहेत हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक गतिरोधकावर तो बूट पुन्हा आत शिरत होता.

सर्जननी पोटावर हात ठेवला, हळूच दाबलं आणि झटकन सोडलं. दाबल्यावर दुखलं. सोडल्यावर जे झालं त्यानं मी अशी किंचाळले की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

"कशानं लागलं?" त्यांनी विचारलं.

"पडली साहेब. स्टेजवरून," विनोद म्हणाले.

"पडली नाही," मी म्हणाले. "लाथ मारली."

विनोद माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. सर्जननी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं, "यांनी?"

"नाही नाही. हे नव्हते तिथं."

मग त्यांनी सरळ सांगितलं. लाथेनं आतडं मणक्यावर चेचलं गेलं आणि फाटलं. आतली घाण रात्रभर पोटात पसरत होती. आता पोट उघडावं लागेल, आणि आजच.

ज्यांना असा दिवस येईल त्यांना सांगते, त्या दिवशी भीती वाटत नाही. भीतीला जागा लागते. मला आत दुखण्याशिवाय कशालाच जागा नव्हती. स्ट्रेचरवर नेताना मी एवढंच म्हणत होते की मला कापा, पण हे थांबवा.

पिशवी

जागी झाले तेव्हा नाकात नळी, लघवीला नळी, कुशीतून एक नळी. पोटभर पट्टी. आणि उजव्या बाजूला एक पारदर्शक पिशवी चिकटवलेली. तिच्या आत माझ्याच आतड्याचा तुकडा बाहेर काढून शिवलेला होता, लाल, ओला, जिभेसारखा. तो आपोआप हलत होता. मी पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

बाहेर सर्जननी नातेवाइकांना सांगितलं होतं, "जीव वाचला. पिशवी लावलीय, काही महिन्यांनी काढून टाकू."

माझ्या सासूबाईंनी तेवढंच ऐकलं. आमच्याकडे बायका गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. त्या तिथंच फरशीवर बसल्या आणि कपाळ बडवून घेऊ लागल्या. "पिशवी काढतात व माय. माह्या पोराचा वंश बुडला." विनोदनी त्यांना समजावून सांगेपर्यंत अर्धा वॉर्ड गोळा झाला होता.

विनोदनी मला हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं, आणि हसल्याबरोबर टाक्यांनी मला असं फाडलं की डोळ्यांत पाणी आलं. मग सासूबाई आत आल्या. पलंगाजवळ उभ्या राहिल्या. पहिला प्रश्न: "पन पोर होईन ना?"

नाकातली नळी ओढून काढावी आणि त्यांच्या गळ्याला आवळावी, असं मला वाटलं. हे लिहिताना लाज वाटत नाही. तुम्हालाही असं वाटेल, ज्यांच्यावर तुमचा राग असायला हवा ते समोर नसतील आणि जे समोर असतील त्यांच्यावर तो निघेल. नुसतं वाटण्यानं कुणी मरत नाही.

त्या वॉर्डात दिवस सारखेच जायचे. पहाटे सुया, मग ड्रेसिंग, मग सिस्टर येऊन म्हणायच्या, "बसा. आता खोका." खोकणं म्हणजे पुन्हा लाथ खाणं. पोटाशी उशी घट्ट धरायची आणि खोकायचं, नाहीतर छातीत कफ साठतो. मी उशीत तोंड खुपसून शिव्या द्यायचे. सिस्टर म्हणायच्या, "द्या शिव्या, पण खोका."

चांगलं काहीच झालं नाही असं नाही. झाडलोट करणाऱ्या मावशी एका दुपारी न विचारता माझ्यामागे बसल्या. केसांचा पार गुंता झाला होता. त्यांनी एकेक बट सोडवून घट्ट वेणी घातली आणि बादली घेऊन निघून गेल्या. आणि विनोद. पिशवीच्या चकतीला आतड्याच्या मापाचं भोक कात्रीनं कापावं लागतं. मोठं झालं तर कातडी जळते, लहान झालं तर आतडं कापतं. मोटारीचे इन्सुलेशन कागद कापून त्यांचा हात बसला होता. ते माझ्या पोटावर वाकून चकती बसवायचे तेव्हा तोंडावर रुमालही बांधायचे नाहीत. मीच मान फिरवायचे.

पवन

माझा धाकटा भाऊ पवन पोलीस भरतीची तयारी करत होता. गावाकडच्या रस्त्यावर रोज सकाळी पळायचा, गोळा फेकायचा. बाबांची सगळी आशा त्याच्यावर.

हॉस्पिटलनं पोलिसांना कळवलं, माझा जबाब झाला, गुन्हा दाखल झाला. पण नवरीकडच्यांनी जबाब दिला की मॅडम नाचता नाचता स्टेजवरून पडल्या. लग्न झालं होतं. त्यांची पोरगी त्या घरात नांदायला गेली होती. मांडवात इतकी माणसं होती, आणि कुणीच काही पाहिलं नव्हतं.

त्या चुलतभावाला अटक झाली होती. तो जामिनावर बाहेर आला तेव्हा पवन आणि त्याचा एक मित्र त्याला भर बाजारात गाठायला गेले. पवनच्या हातात लोखंडी सळई होती. त्यानं त्याचा हात मोडला. डोक्यावर मारायला सळई उचलली तेव्हा चहावाल्यानं मागून कवेत आवळून धरलं म्हणून खून झाला नाही.

आता पवनवरही गुन्हा. बाबा अकोल्याला आले. मी तेव्हा अजून पेजेवरच होते.

"ते लोकं म्हनतात, दोन्हीकडून मागं घेऊ," बाबा म्हणाले. "तू पडली असं लिवून दे. पवनवरची केस जाईन. त्याची भरती हाय बाई."

जामिनावर सुटलेला पवन पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. खाली बघत.

"मी पडली नाही, बाबा."

"मले मालूम हाय तू पडली नाही. मी काय म्हनून राह्यलो..."

"मी नाही लिवून देनार."

"ताई," पवन म्हणाला, "मी तुयासाठी केलं ते."

"मी सांगतलं होतं का तुले?"

त्यानं पलंगाची दांडी दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं आता हा पलंगच उलटवतो. मग तो निघून गेला. बाबाही त्याच्यामागे गेले. पेज तशीच राहिली. खूप वेळ माझ्या पोटावरचा तो लाल तुकडा नुसता आवळत होता, जणू त्यालाही कळलं होतं.

पवनची ती भरती गेली.

घरी

घरी आल्यावर लोक म्हणतात, आता सुटलीस. खोटं आहे. हॉस्पिटलमध्ये निदान सगळेच आजारी असतात.

पिशवी गळायची. जेवताना, झोपेत, कुणी भेटायला आलं असताना. त्या पातळ पाचकरसानं भोवतीची कातडी सोलून निघायची, आणि त्या सोललेल्या कातडीवर पुन्हा चिकट चकती. वास मलाच जास्त यायचा. मी दिवसाढवळ्या, डोळे उघडे ठेवून, त्याला लाथा घालायचे. मनातल्या मनात, तोंडावर, दातांवर, दात तुटेपर्यंत. हे तासन्‌तास चालायचं आणि शेवटी माझंच पोट दगड होऊन बसायचं. एकदा पिशवी धुवायचा स्टीलचा मग मी घरातच भरणाऱ्या क्लासच्या मोठ्या आरशावर फेकला. आरसा खळकन खाली आला. विनोदनी काचा गोळा केल्या. काही विचारलं नाही, म्हणून मी त्यांच्यावरच ओरडले.

सासूबाईंशी तर रोज भांडण. पण एक दिवस शेजारच्या काकू आल्या आणि दारातूनच आवाज हळू करून म्हणाल्या, "आता लेकरू व्हाचं कसं व हिले?"

मी आत ऐकत होते. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "पहिले तिले सुदं उभं तर राहू दे. तिचं पोट का नुसतं लेकरासाठीच हाय?"

त्या संध्याकाळी त्यांनी मला भाताची पेज आणून दिली आणि माझ्यासमोर बसून राहिल्या. मी सगळी प्यायले.

नुसरत मॅडम

सर्जननी फिजिओथेरपीला जायला सांगितलं होतं. खामगावातच नुसरत मॅडमचा छोटासा दवाखाना आहे. वयानं माझ्याएवढ्याच, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. मी पहिल्या दिवशी त्यांना सांगितलं, "माझं पोट आधी सपाट होतं. फळीसारखं. मला ते परत पाहिजे."

"पहिले श्वास परत आणू," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला उताणं निजवलं, गुडघे वर. एक हात बरगड्यांच्या बाजूला, एक ओटीपोटावर, पिशवीपासून दूर. म्हणाल्या, श्वास घ्या. मी घेतला. त्यांनी मान हलवली. माझे फक्त खांदे वर गेले होते. लाथ बसल्यापासून मी पोटापर्यंत श्वास जाऊच दिला नव्हता. तिथपर्यंत हवा गेली तर कुणीतरी पुन्हा मारेल, असं शरीराला वाटत होतं.

"बरगड्या छत्रीसारख्या उघडू द्या. आता तोंडानं हळू सोडा. सोडता सोडता बेंबीखालचा भाग थोडासा आत येऊ द्या. ओढू नका. येऊ द्या."

मी रडले. दुखलं म्हणून नव्हे. हवा तिथपर्यंत गेली आणि कुणी मारलं नाही, म्हणून.

नाचणाऱ्यांना आम्ही लहानपणापासून 'पोट आत' हेच ऐकवतो. पोट आत ओढलेलं दिसतं, पण श्वास अडकलेला असतो आणि ताकद कुठेच नसते. खरी ताकद खोलवर असते. कमरेभोवती पट्ट्यासारखा जो स्नायू आहे तो, खालून ओटीपोट धरणारे स्नायू, पाठीच्या मणक्यालगतचे बारीक स्नायू, आणि वरून श्वासाचा पडदा. हे सगळे एकत्र काम करतात तेव्हा पाय मोकळा होतो, हात मोकळा होतो. पोटावर वरून दिसणाऱ्या स्नायूंच्या चौकटी हे त्यातलं सगळ्यात बाहेरचं, सगळ्यात कमी कामाचं. हे मला पोट फाटल्यावर कळलं.

पण कळणं आणि ऐकणं वेगळं. मला घाई होती. मॅडमनी सांगितलं होतं, डोकं उचलल्यावर पोटाच्या मधोमध छपरासारखा उंचवटा आला की थांबायचं. शिवण अजून कच्ची आहे. मी घरी दार लावून कोपरांवर आणि चवड्यांवर आडवं अंग तोलून धरायचे, पूर्वी मुलींकडून करून घ्यायचे तसं. दात खाऊन. घाम गळेपर्यंत. एक दिवस पिशवीशेजारी लिंबाएवढा फुगवटा आला आणि मी घाबरून जमिनीवरच बसले.

मॅडमनी तो पाहिला. सर्जनना फोन केला. मग माझ्याकडे वळल्या.

"ये क्या किया तुमने? आतडं बाहेर यायला बघून राह्यलं."

"मी रोगी नाही," मी ओरडले. "मी नाचनारी हाय."

"तो नाचनेवाली जैसा सुनो. ताल सोडून कोणी नाचतं का?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्या मानसानं तुमच्या पोटावर जबरदस्ती केली. आता तुम्ही करून राह्यल्या."

घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात आपटत होतं.

नशिबानं तो फुगवटा वाढला नाही. त्यानंतर मी त्यांनी सांगितलं तेवढंच केलं. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हातानं रेटून बसायचं. एक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करायचा, श्वास सोडत. मग भिंतीला हात लावून उभ्यानं अंग सरळ धरायचं. हे इतकं कंटाळवाणं असतं की वेड लागेल. पण त्या कंटाळ्यात माझ्या लाथा कमी झाल्या. श्वास मोजताना एकाच वेळी कुणाचे दात पाडता येत नाहीत.

मग दुसरं ऑपरेशन झालं, आतडं आत गेलं, पिशवी निघाली. पुन्हा नळ्या, पुन्हा उशी धरून खोकणं, पुन्हा सगळं पहिल्यापासून. या वेळी मी तक्रार केली नाही. पुढे हातापायांवर ओणवं होऊन एक हात आणि उलटा पाय उचलणं, पाठीवर चहाचा कप ठेवला तरी सांडणार नाही असं. मग कुशीवर. मग एका पायावर उभं राहणं. घुंगरू मी सगळ्यात शेवटी बांधले. पहिल्या तत्कारात पायाचा प्रत्येक ठोका शिवणीत वाजला. विनोद दारात उभे होते, "दुखते का?" म्हणाले.

"हाव."

"नाच थांबवते का?"

"नाही."

सायली

ती एका दुपारी आली. मी पिशवी निघून घरी बसलेली, क्लास अजून बंद. दारात उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. इतक्या महिन्यांत एक फोन नाही, काही नाही. तिला पाहिल्यावर माझ्या हातापायांतून जे गेलं ते मी सांगते: तिचे केस धरून तिला रस्त्यापर्यंत फरफटत न्यावं. तिच्यासाठी मी मध्ये गेले होते, आणि तिनं पोलिसांना सांगितलं होतं की मी पडले.

"काऊन आली?" मी विचारलं.

मी ब्लाउज आणि परकराच्या मधली साडी बाजूला केली आणि तिला पोट दाखवलं. लांब लाल शिवण, बाजूला पिशवीच्या जागेची सुरकुतलेली खूण.

"पाह्य. अशी पडली मी."

ती नजर न वळवता बघत राहिली. मग म्हणाली, "त्यानं आता माह्या ताईलेही मारलं. घरात. तिचा नवरा पाहत होता, काही बोलला नाही." आणि थोड्या वेळानं, "मी कोर्टात सांगीन, मॅडम."

"तुये मामा मारून टाकतीन तुले."

"मारू द्या."

ती भित्री पोरगी होती, हे मी आधी सांगितलं आहे. ती तेव्हाही भित्रीच होती. मी तिला बसवलं. पाणी दिलं. माफ केलं असं म्हणाले नाही, तिनंही मागितली नाही.

कोर्ट

तारखा पडत राहिल्या. दरम्यान मी क्लास पुन्हा सुरू केला आणि एका गॅदरिंगमध्ये मुलींबरोबर स्टेजवर थोडी नाचले. कुणीतरी त्याचं मोबाइलवर शूटिंग केलं, आणि ते त्याच्या वकिलापर्यंत पोचलं.

उलटतपासणीत वकिलानं विचारलं, "तुम्ही आता नाचता?"

"हो."

"गिरक्या घेता?"

"हो."

"म्हणजे तुम्ही म्हणता तितकी गंभीर इजा नव्हती."

ज्या पोटाला मी श्वास घ्यायला पुन्हा शिकवलं, तेच आता माझ्याविरुद्ध साक्षीला उभं केलं जात होतं. तो समोर बसला होता, मोडलेला हात बरा झालेला. मी श्वास सोडला, खालून वर, हळू.

"साहेब," मी न्यायाधीशांना म्हणाले, "बाहेर काढलेलं आतडं आत घालून, पोट शिवून, मग मला आधी खोकायला शिकावं लागलं. मग कुशीवर वळायला. मग बसायला. नाच त्यानंतर. मी नाचते म्हणजे त्यानं मारलं नाही असं नाही. मी त्यानंतर काय काय केलं, एवढंच त्यातून कळतं."

त्यानंतर सायलीची साक्ष झाली. तिचे मामा मागच्या बाकावर बसले होते. ती इतकी हळू बोलली की न्यायाधीशांना पुन्हा विचारावं लागलं. तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "यानं मले धरलं होतं. मॅडम मधात आल्या. यानं लाथ मारली. त्या पडल्या होत्या तेव्हा मारली." वकिलानं विचारलं की आधी खोटं का सांगितलं. ती म्हणाली, "भ्यायली होती. आताही भ्यून राह्यली."

त्याला शिक्षा झाली. त्यानं अपील केलं आणि जामिनावर सुटला. पवनची केस अजून चालू आहे. तो आता कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला आहे, राखीला येतो, ओवाळून घेतो, जेवतो, आणि मला टाळून विनोदशी बोलतो. मी माझी तक्रार मागे घेतली असती तर तो आज वर्दीत असता, हे त्याला माहीत आहे आणि मलाही. सायलीला मामांनी खरंच मारलं. तिची ताई माहेरी निघून आली आहे. सायली आता कॉलेज संपवून माझ्याकडे लहान मुलींना शिकवते. श्वासापासून सुरुवात करते.

शेगाव

मागच्या हिवाळ्यात मी मुलींना घेऊन नागपूरला स्पर्धेला निघाले होते. आम्ही शेगाव स्टेशनवर गाडीची वाट पाहत होतो. मुली पिशव्यांवर बसून गप्पा मारत होत्या. चहाच्या स्टॉलजवळ तो उभा होता. सोबत बायको, त्याच्या कडेवर लेकरू. त्याचं लग्न केव्हा झालं मला माहीत नव्हतं.

त्यानं मला पाहिलं. आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. माझं पोट क्षणात आवळलं, अगदी पूर्वीसारखं, श्वास वरच्या वर अडकला. बरं झाल्यावर हे होणार नाही असं मला वाटलं होतं. होतं. तुम्हालाही होईल. मी बरगड्या उघडू दिल्या. हवा खालपर्यंत गेली.

माझ्याकडे बघून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कोन हाय ते?"

तिला उत्तर द्यायला मी आवाज चढवला नाही, खालीही आणला नाही.

"ज्यानं मले लाथ मारली होती, तो."

मुलींच्या गप्पा थांबल्या. सगळ्या त्याच्याकडे बघू लागल्या. त्याच्या बायकोनंही ऐकलं. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि त्याच्या कडेवरचं लेकरू आपल्याकडे घेतलं.

गाडी आली. आम्ही चढलो.